थरांचा नकाशा : सर्वेक्षणाच्या साखळीपासून पायथनच्या स्क्रिप्टपर्यंत

डिसेंबर २०१५ च्या आरंभी चेन्नई शहर पाण्याखाली गेले. अड्यार नदीने पात्र सोडले, विमानतळ बंद पडला, आणि कोणता रस्ता चालू आहे व कोणता बुडाला आहे हे सांगणारी एकही विश्वसनीय यादी कोणापाशी नव्हती. त्या दिवसांत इंटरनेटवर एक साधा नकाशा फिरू लागला. घराच्या गच्चीवर अडकलेल्या माणसाने त्या नकाशावर आपल्या समोरच्या रस्त्यावर बोट टेकवले की तो रस्ता रंग बदलत असे. रंग बदलला म्हणजे येथे पाणी आहे. थोड्याच दिवसांत २,५०० हून अधिक रस्ते अशा रीतीने लोकांनी स्वतः नोंदवले.

या घटनेतील खरे नवल लोकसहभागाचे नव्हे, कारण संकटकाळी माणसे एकमेकांना मदत करतातच. नवल त्या बोटाचे आहे. बोट पडले ती जागा म्हणजे नुसता रंगाचा ठिपका नसून एक रस्ता आहे, त्याला आरंभ आणि शेवट आहे, हे नकाशाला कळले. भिंतीवर टांगलेल्या नकाशाला हे कळत नाही. स्कॅन करून संकेतस्थळावर ठेवलेल्या पीडीएफलाही कळत नाही. चित्र असलेला नकाशा आणि माहिती असलेला नकाशा या दोहोंत हा फरक आहे. भारतात तो ओलांडायला फार वर्षे लागली. त्या ओलांडण्यात मोठ्या संस्थांचा वाटा आहे तसाच शंभर-दोनशे ओळींच्या छोट्या संगणकीय आज्ञावल्यांचाही आहे. त्यांचा इतिहास मात्र सहसा कोणी सांगत नाही.

भारतीय सर्वेक्षण विभागाची स्थापना १७६७ सालची. मोजणीला शास्त्रीय बैठक मिळाली ती १८०२ मध्ये, जेव्हा विल्यम लॅम्बटन याने मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या परिसरात सुमारे साडेसात मैलांची पायारेषा साखळीने मोजली. त्या एका रेषेवर त्रिकोण उभारला, त्या त्रिकोणाच्या बाजूवर दुसरा, आणि असे करत त्रिकोणांची माळ उत्तरेकडे सरकत गेली. लॅम्बटन हे काम करता करताच १८२३ साली वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे वारला, आणि त्याची कबर आजही तेथे आहे. पुढे जॉर्ज एव्हरेस्टने ती माळ हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली. राधानाथ सिकदार यांच्यासारख्या गणकांनी कोनांच्या वह्यांतून शिखरांच्या उंच्या काढल्या. हा भाग सर्वपरिचित आहे. त्यातली एक बाब मात्र पाठ्यपुस्तकांत क्वचितच येते, आणि पुढील कथेला तीच लागते.

त्रिकोणांवरून अक्षांश-रेखांश काढायचे तर पृथ्वीचा आकार आधी गृहीत धरावा लागतो. एव्हरेस्टने १८३० मध्ये जो चपटा गोल गृहीत धरला तो त्याच्याच नावाने ओळखला जातो, आणि त्याचा आरंभबिंदू आजच्या मध्य प्रदेशातील सिरोंजजवळच्या कल्याणपूर टेकडीवर ठरला. तो गोल भारतीय भूमीला उत्तम बसला. आज उपग्रह ज्या जागतिक गोलावर काम करतात त्याची विषुववृत्तीय त्रिज्या मात्र एव्हरेस्टच्या गोलापेक्षा आठशेहून अधिक मीटरने मोठी आहे, आणि दोन्ही गोलांचे केंद्रही एक नाही. परिणाम असा की जुन्या स्थलदर्शक नकाशावर छापलेले अक्षांश-रेखांश जसेच्या तसे आजच्या मोबाइलमध्ये टाकले तर जागा सरकते. काही ठिकाणी ती शंभरएक मीटर सरकते, तर काही ठिकाणी त्याहूनही जास्त. विहीर शेजाऱ्याच्या शेतात जाते, पूल नदी सोडून काठावर उभा राहतो.

स्वातंत्र्यानंतर नकाशांचे काम वाढले, पण नकाशे लोकांपासून दूरच राहिले. चीन आणि पाकिस्तानशी झालेल्या युद्धांनंतर संरक्षणदृष्ट्या निर्बंध कडक झाले. सीमेलगतच्या आणि किनाऱ्यालगतच्या सुमारे ८० किलोमीटर पट्ट्याचे मोठ्या प्रमाणाचे नकाशे प्रतिबंधित ठरले. त्या काळाचा विचार करता भीती अनाठायी म्हणता येणार नाही. पण ८० किलोमीटरचा पट्टा आखून पाहिला म्हणजे त्याची व्याप्ती ध्यानात येते. मुंबई त्यात आली, कोलकाता आले, चेन्नई आले, आणि अरुंद अशा केरळ राज्याचा बहुतेक सगळा भूभाग आला. पूर आणि वादळ यांचा धोका जेथे सर्वांत मोठा, नेमक्या त्याच प्रदेशाचा तपशीलवार नकाशा प्राध्यापकाला वा अभियंत्याला परवानगीच्या अर्जाविना पाहता येत नसे.

या कुलपाची किल्ली भारतात तयार झाली नाही. एप्रिल २००० मध्ये ओपन जिओस्पेशियल कन्सॉर्शियम या आंतरराष्ट्रीय संस्थेने वेब मॅप सर्व्हिस नावाचे एक मानक जाहीर केले. त्यामागची कल्पना सोपी होती, आणि ती सोपी होती म्हणूनच टिकली. नकाशाचा मालक आपली माहिती आपल्याच सर्व्हरवर ठेवतो. मागणारा एका वेबपत्त्यातून विचारतो की अमुक थर, अमुक चौकटीतला, इतक्या रुंदी-उंचीचा द्या. सर्व्हर त्या क्षणी चित्र काढून देतो. नद्यांचा थर एका खात्याच्या सर्व्हरवरून, रस्त्यांचा दुसऱ्या खात्याकडून, पावसाचा तिसऱ्याकडून घ्यावा आणि एकावर एक ठेवून पाहावे. पारदर्शक कागदावर आरेखन करणाऱ्या जुन्या नकाशाकारांना ही रीत परकी वाटली नसती. फरक इतकाच की येथे प्रत्येक कागद वेगळ्या गावी असतो आणि तो रोज बदलू शकतो.

मानक म्हणजे केवळ करार, आणि तो पाळणारी यंत्रे लागतात. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात मॅपसर्व्हर आधीच आकाराला आला होता. २००१ साली जिओसर्व्हरचे काम सुरू झाले. १९९८ मध्ये फ्रँक वॉर्मरडॅम यांनी आरंभलेले जीडॅल हे ग्रंथालय डझनावारी प्रकारच्या भौगोलिक फाइली वाचू-लिहू लागले. सगळे मुक्त स्रोत, म्हणजे परवान्याचे पैसे नाहीत आणि आतली रचना पाहायला मनाई नाही. भारतीय विद्यापीठांतील आणि जिल्हा कार्यालयांतील माणसांना या गोष्टीचे मोल वेगळे सांगावे लागले नाही.

मग २००५ साल आले. फेब्रुवारीत गूगल मॅप्स आणि जूनमध्ये गूगल अर्थ प्रसिद्ध झाले. मे महिन्यात भारताचे राष्ट्रीय नकाशा धोरण जाहीर होऊन संरक्षण मालिका आणि मुक्त मालिका अशा दोन वेगळ्या नकाशामालिका ठरल्या. मुक्त मालिकेने एव्हरेस्टचा गोल सोडून जागतिक गोल स्वीकारला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी गूगल अर्थच्या प्रतिमांमुळे उद्भवणाऱ्या सुरक्षेच्या प्रश्नाकडे जाहीरपणे लक्ष वेधले. एकाच वर्षात कुलूप सैल करणारे धोरण आले आणि त्या कुलपाला अर्थच उरला नाही असे सांगणारी वस्तूही आली. आकाशातून छप्पर दिसत असताना त्या छपराचा कागदी नकाशा तिजोरीत ठेवण्याने नेमके काय साधते, हा प्रश्न तेव्हापासून मागे लागला तो अनेक वर्षे सुटला नाही.

इस्रोचे उत्तर होते ‘भुवन’. १२ ऑगस्ट २००९ रोजी तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या हस्ते ते सुरू झाले. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने ते उभारले. १९८८ च्या आयआरएस-१ए या उपग्रहापासून देशाने स्वतःच्या प्रतिमांचा मोठा साठा केला होता, तो आता ब्राउझरमध्ये येणार होता. सुरुवातीला भुवनची तुलना गूगलशी झाली, आणि ती भुवनवर अन्याय करणारी होती. पाहणाऱ्यांनी आपले घर किती स्पष्ट दिसते एवढेच तपासले. भूमी-वापर, पडीक जमीन, भूस्खलन, पूर यांचे थर तेथे हळूहळू जमा होत गेले आणि त्यांतील अनेक वेब मॅप सर्व्हिसच्या मार्गाने दुसऱ्या यंत्रांनाही मिळू लागले, ही खरी मिळकत होती. घराच्या छपराएवढी ती आकर्षक नसल्याने तिची बातमी झाली नाही.

आता त्या छोट्या आज्ञावल्यांकडे वळावे.

एखाद्या खात्याकडे तालुक्यांच्या सीमांची फाइल आहे आणि ती वेबवर थर म्हणून प्रसिद्ध करायची आहे, असे समजा. हे हाताने करता येते. फाइल उघडावी, प्रक्षेपण बदलावे, डेटाबेसमध्ये भरावी, सर्व्हरच्या पडद्यावर पाच-सहा रकाने भरावेत, रंग ठरवावेत, जतन करावे. एका थराला अर्धा तास लागतो. पण जिल्हे सातशेहून अधिक आहेत, आणि पुराच्या दिवसांत पाण्याचा थर दर नव्या उपग्रहप्रतिमेबरोबर बदलतो. येथे हात थकतात आणि थकलेले हात चुका करतात. म्हणून ही सारी पावले एका स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवण्याची रीत पडली, आणि त्यासाठी बहुतेकांनी पायथन निवडली.

पायथनच का, याचे उत्तर भाषेच्या सौंदर्यात शोधण्याची गरज नाही. जीडॅलला पायथनमधून हाक मारता येत होती. आर्कजीआयएस या बलाढ्य व्यापारी प्रणालीने २००४ मध्ये आपल्या वापरकर्त्यांना पायथन दिली, तर क्यूजीआयएस या मुक्त प्रणालीने २००७ मध्ये. जिओसर्व्हरने पुढे अशी सोय केली की शेपफाइलची झिप एका ठरावीक वेबपत्त्यावर पाठवली की थर आपोआप तयार व्हावा, आणि ते पाठवण्याचे काम पायथनमध्ये चार-पाच ओळींत होते. भूगोलाच्या पदवीधराला संगणकशास्त्र न शिकता हे जमू लागले.

स्क्रिप्टचे काम वरून दिसते तितके यांत्रिक मात्र नाही. तिला प्रत्येक पायरीवर जुन्या निर्णयांशी गाठ घालावी लागते. माहिती जुन्या टोपोशीटवरून घेतली असेल तर स्क्रिप्टला ते स्पष्ट सांगावे लागते. जगातील निर्देशांक-पद्धतींच्या सूचीत कल्याणपूरच्या आधारबिंदूचे स्वतंत्र क्रमांक आहेत, आणि त्यांपैकी ४१४६ हा क्रमांक ‘कल्याणपूर १९७५’ चा. तो लिहायचा राहिला की संगणक जागतिक गोल गृहीत धरतो, आणि विहीर पुन्हा शेजाऱ्याच्या शेतात. एव्हरेस्टने धरलेला पृथ्वीचा आकार आज हैदराबाद वा पुण्यातला एखादा विद्यार्थी चार आकड्यांत टंकतो. गूगलने वेबनकाशांसाठी जे प्रक्षेपण रूढ केले त्याला आरंभी त्या सूचीत जागाच नव्हती, तेव्हा तंत्रज्ञांनी त्याला थट्टेने ९००९१३ हा क्रमांक दिला. इंग्रजी अंकांत लिहिला की तो ‘गूगल’ या शब्दासारखा दिसतो. अधिकृत क्रमांक ३८५७ नंतर मिळाला.

दुसरा खड्डा अक्षांश आधी की रेखांश आधी, हा. मानकाच्या १.१.१ या आवृत्तीत रेखांश आधी लिहिले जात. पुढच्या १.३.० आवृत्तीने अक्षांश-रेखांशांच्या नेहमीच्या पद्धतीसाठी हा क्रम उलटा केला. जुनी स्क्रिप्ट नव्या आवृत्तीला तशीच जोडली की अक्षांश १३ आणि रेखांश ८० वर असलेली चेन्नई अक्षांश ८० आणि रेखांश १३ वर जाते, म्हणजे स्वालबार्ड बेटांच्या उत्तरेच्या बर्फाळ समुद्रात. सर्व्हर तक्रार करत नाही. तेथे आपल्या थरात काही नाही, म्हणून तो निमूटपणे कोरे चित्र पाठवतो. कोऱ्या चित्राइतकी फसवी त्रुटी दुसरी नाही. पाहणाऱ्याला वाटते, या भागात पूर नाही.

तिसरा खड्डा आपल्या लिपीचा. शेपफाइल हा प्रकार १९९० च्या दशकात रूढ झाला, आणि तिच्यातला तक्ता त्याहूनही जुन्या डीबेस पद्धतीचा आहे. त्या तक्त्यात रकान्याच्या नावाला दहा बाइट मिळतात. रोमन लिपीत ती दहा अक्षरे होतात. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-उकार धरून, युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइट घेते. ‘तालुका’ या शब्दाला अठरा बाइट लागतात. दहावर कात्री चालली की ‘ताल’ उरतो आणि त्यामागे एक मोडका बाइट. लिपीची पद्धत सांगणारी सोबतची छोटी फाइल हरवली तर गावांच्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हांच्या रांगा उमटतात. देशातील भौगोलिक माहितीत गावांची नावे आजही बहुधा रोमन लिपीत आणि नाना वर्तनींत सापडतात, त्यामागे उदासीनता आहेच, पण हे दहा बाइटही आहेत. २०१४ साली मानक ठरलेल्या जिओपॅकेजमध्ये ही अडचण राहिलेली नाही. तरीही शेपफाइलची सवय सुटत नाही.

तांत्रिक वाट मोकळी झाली तरी मूळ माहिती कोठून आणायची, हा प्रश्न होताच. २००४ पासून वाढत असलेल्या ओपनस्ट्रीटमॅपवर भारतीय स्वयंसेवकांनी रस्ते, तळी, वस्त्या रेखल्या होत्या. चेन्नईतील बोटांना ओळखणारे रस्ते तेच. बंगळूरुमध्ये २०११ साली सुरू झालेल्या डेटामीट या समूहाने मतदारसंघ आणि जिल्ह्यांच्या सीमा जुळवून सर्वांसाठी खुल्या ठेवल्या. हे सारे निवांतपणे चालले होते असे नाही. मे २०१६ मध्ये केंद्र सरकारने भू-अवकाशीय माहिती नियमन विधेयकाचा मसुदा मांडला. परवानगीवाचून भौगोलिक माहिती गोळा करणे वा प्रसिद्ध करणे यासाठी शंभर कोटी रुपयांपर्यंत दंड आणि सात वर्षांपर्यंत कैद त्यात सुचवली होती. शब्दशः घेतले असते तर पुरातील रस्ता नोंदवणारा गच्चीवरचा माणूसही त्यात सापडता. टीका झाली आणि मसुद्याचा कायदा झाला नाही. पुढच्याच वर्षी सर्वेक्षण विभागाने मुक्त मालिकेचे नकाशे ‘नक्शे’ या संकेतस्थळावर विनामूल्य ठेवले. ते पाऊल स्वागतार्ह खरेच, पण नकाशे होते पीडीएफमध्ये. तिजोरीतून बाहेर आले ते चित्र.

ऑगस्ट २०१८ मध्ये केरळात महापूर आला. चारशेहून अधिक माणसे दगावली, लक्षावधी विस्थापित झाली. केरळ रेस्क्यू हे संकेतस्थळ त्या दिवसांत राज्य शासनाचे माहिती तंत्रज्ञान मिशन आणि स्वयंसेवक अभियंते यांनी मिळून उभे केले, आणि ते पायथनच्या जँगो या चौकटीवर लिहिलेले होते. त्याची संहिता खुली होती, त्यामुळे दूरवरच्या अनोळखी प्रोग्रामरांनाही तिच्यात दुरुस्ती सुचवता येई. मदतीची हाक तेथे एका नोंदीच्या रूपात येई. कोण, किती माणसे, काय हवे, आणि शक्य असेल तर अक्षांश-रेखांश.

‘चर्चच्या मागचे घर’ हा पत्ता गावकऱ्याला पुरतो. पण त्या आठवड्यात बचावाला आले होते हेलिकॉप्टरचे वैमानिक आणि किनाऱ्यावरून ट्रकांवर नौका लादून आलेले कोळी बांधव. त्यांच्या शेकडो नौका शेतांतून आणि गल्ल्यांतून फिरल्या. समुद्र त्यांना पाठ होता, आतल्या गावांच्या वाटा परिचित असण्याचे कारण नव्हते, आणि ओळखीच्या खुणा तर पाण्याखाली होत्या. जेथे दोन आकडे मिळाले तेथे हाक नकाशावर बिंदू होऊन उमटू शकत होती, जवळच्या बिंदूंचे पुंजके करता येत होते. माणसांना माणसांनीच वाचवले, स्क्रिप्टने नव्हे. परंतु नौका कोणत्या दिशेने न्यायची हे ठरवताना बिंदू हाताशी असणे आणि नसणे यांत त्या रात्री किती अंतर होते, हे सांगायला नको.

धोरणाला या वास्तवापर्यंत पोहोचायला आणखी अडीच वर्षे लागली. १५ फेब्रुवारी २०२१ रोजी विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने नवी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. भारतीय व्यक्ती, कंपन्या आणि संस्थांना नकाशे करण्यासाठी पूर्वपरवानगी वा परवाना लागणार नाही, स्वतः दिलेले प्रमाणपत्र पुरेल. आडव्या अंतरात एक मीटर आणि उंचीत तीन मीटर याहून सूक्ष्म माहिती निर्माण करण्याचा अधिकार भारतीय संस्थांपुरता राखला गेला, आणि निषिद्ध गोष्टींची सूची आटोपशीर ठेवण्याचे ठरले. २८ डिसेंबर २०२२ रोजी राष्ट्रीय भू-अवकाशीय धोरणही अधिसूचित झाले. दोनशे वर्षांच्या सवयीच्या मानाने हे वळण मोठेच आहे.

कार्यालयांच्या सवयी मात्र अधिसूचनेने बदलत नाहीत. महाराष्ट्रात नद्यांच्या काठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखल्या जातात. निळी पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची. बांधकामाची परवानगी, जमिनीचा भाव आणि घरातल्या माणसांचा जीव या रेषांवर अवलंबून असतो. अशा रेषा अनेकदा भेटतात त्या विकास आराखड्याच्या स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये. मग एखादा अभ्यासक ते पान पडद्यावर घेतो, चार ओळखीचे चौक शोधून त्यांचे अक्षांश-रेखांश देतो, आणि माउसने ती रेषा पुन्हा गिरवतो. दहा हजारास एक या प्रमाणाच्या नकाशावर अर्धा मिलिमीटर जाडीची रेषा जमिनीवर पाच मीटर रुंद भरते. एक लहानसे घर त्या जाडीत सहज मावते, आणि ते रेषेच्या आत की बाहेर हे गिरवणाऱ्याच्या हातावर ठरते. ज्या संगणकावर ती रेषा प्रथम आखली गेली, तेथे तिचे नेमके आकडे अजूनही असतात.